मक्त्याचे शहर : मकावमध्ये काय पाहावे, काय सोडावे

हाँगकाँगहून मकावला जाणाऱ्या बहुतेक भारतीय प्रवाशांच्या हाती एकच दिवस असतो. आणि ज्या शहराचे सारे क्षेत्रफळ जेमतेम 33 चौरस किलोमीटर भरते ते एका दिवसात पाहून का होऊ नये, असा त्यांचा हिशेब असतो. सहल-कंपन्यांचा कार्यक्रमही बहुधा त्याच हिशेबाने आखलेला असतो : सकाळी सेंट पॉलच्या भग्न चर्चसमोर छायाचित्र, दुपारी मकाव टॉवर, आणि तेथून रात्रीपर्यंत ‘व्हेनेशियन’ नावाच्या अजस्र हॉटेलात मुक्त संचार. या क्रमाने सगळे पाहिले जाते आणि शहर तेवढे पाहायचे राहून जाते. वेळ थोडा आणि प्रलोभने फार, अशा ठिकाणी निवडीसाठी एखादी कसोटी जवळ बाळगावी लागते. मकावपुरती ती अगदी साधी आहे. ज्या वस्तूचे मूळ दुसरीकडे आहे ती येथे पाहण्यात काळ दवडू नये. आणि जी याच भूमीच्या गरजेतून, लोभातून वा भक्तीतून उपजली ती, मग ते देऊळ असो वा द्यूतगृह, अवश्य पाहावी.

ही कसोटी लावायची तर मकावच्या पोटापाण्याचा इतिहास थोडा तरी ठाऊक हवा. पर्ल नदीच्या मुखाशी असलेल्या या चिंचोळ्या द्वीपकल्पावर पोर्तुगीज 1557 साली स्थायिक झाले, आणि चिनी रेशीम व जपानी चांदी यांच्या उलाढालीवर पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे त्यांच्या घरी सोन्याचा धूर निघत राहिला. जपानने आपली दारे पोर्तुगिजांना बंद केल्यावर तो धूर विरळ झाला. तरी चीनशी व्यापार करू पाहणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांना पाय टेकायला दुसरी जागा नसल्यामुळे बंदर तग धरून होते. 1841 मध्ये इंग्रजांनी हाँगकाँगचे खोल पाण्याचे बंदर ताब्यात घेतले आणि गाळाने भरत चाललेल्या मकावच्या जकातीचा झरा आटला. रिकाम्या खजिन्यापुढे सरकारला जो मार्ग सुचला तो असा की, जुगार मोडता येत नाही तर त्याच्यावर महसूल तरी बसवावा. आणि 1847 पासून तो कायदेशीर झाला. पुढे चीनच्या मुख्य भूमीवर तो निषिद्धच राहिल्यामुळे या निर्णयाने सरकारला अक्षय गिऱ्हाईक मिळवून दिले, आणि जुगाराचा मक्ता हाच शहराच्या कारभाराचा मूलाधार होऊन बसला.

त्या आरंभीच्या काळात चालणारा खेळ ‘फान-तान’ हा होता. मेजावर गुंड्यांची रास ओतायची, तिच्यातल्या मूठभर गुंड्यांवर वाटी पालथी घालायची, पैजा लागल्यावर वाटी उचलून एका बारीक काठीने गुंड्या चार-चारांच्या गटाने बाजूला सारायच्या, आणि शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात त्यावर जय-पराजय ठरवायचा, एवढाच तो खेळ. 1928 साली उघडलेल्या हॉटेल सेंट्रलमध्ये वरच्या मजल्यावरील प्रतिष्ठित गिऱ्हाइके कठड्याला रेलून खालचे मेज न्याहाळीत आणि आपल्या पैजेचे पैसे दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली सोडीत. 1937 पासून साऱ्या द्यूतगृहांचा मक्ता एकाच पेढीकडे गेला; 1962 मध्ये तो स्टॅन्ली हो आणि त्यांच्या भागीदारांच्या कंपनीला मिळाला, आणि पुढील चाळीस वर्षे या शहरात त्यांच्या शब्दाबाहेर फासा पडत नव्हता. 20 डिसेंबर 1999 रोजी मकाव चीनच्या स्वाधीन झाले. 2002 मध्ये ती मक्तेदारी मोडून कालांतराने सहा कंपन्यांना वाव मिळाला. 2006 मध्ये येथील जुगाराच्या उत्पन्नाने लास व्हेगासच्या सुप्रसिद्ध ‘स्ट्रिप’ला मागे टाकले, आणि 2013 साली तर ते तिच्या सुमारे सातपट झाले. करोनाच्या साथीपूर्वी सरकारी महसुलातील चार-पंचमांश वाटा या एकाच धंद्याचा होता. 2008 पासून सरकार रहिवाशांना दरवर्षी जी रोख रक्कम वाटते, तीही अर्थात याच मेजांवरून आलेली.

म्हणूनच ‘आम्ही सभ्य माणसे, जुगाराच्या अड्ड्याकडे फिरकणार नाही’ असा बाणा मकावमध्ये कामाचा नाही. ज्याचे वय 21 पूर्ण आहे त्याने एका तरी द्यूतगृहात अर्धा तास, आणि शक्यतो हात खिशात ठेवून, जरूर काढावा. प्रवेशाला तिकीट नसते. त्यासाठी नव्या झगमगीत हॉटेलांपेक्षा 1970 सालचे जुने हॉटेल लिस्बोआ बरे. तिन्ही त्रिकाळ दिवे जळणारे, खिडकी-घड्याळ नसलेले ते दालन आणि त्यात मेजांभोवती दाटलेली माणसे पाहिली की या शहराचे पोट कशावर चालते ते दिसते. हास्यविनोद जवळजवळ नाही, मद्याचे पेलेही थोडेच. सर्वांचे चित्त ‘बॅकरा’ नावाच्या पत्त्यांच्या खेळात गुंतलेले. ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ असे दोन हात वाटले जातात; ज्याची बेरीज नऊच्या अधिक जवळ जाईल तो जिंकतो; गिऱ्हाइकाने कोणत्या हातावर पैसे लावायचे एवढेच ठरवायचे. बुद्धीला काहीच वाव नसल्यामुळे सारी उत्कंठा पत्ता उघडण्याच्या विधीत एकवटते. खेळणारा तो पालथाच मेजावर दाबून धरतो, अंगठ्याने त्याची कड केसाएवढी वाकवून आतल्या ठिपक्यांचा अंदाज घेतो, मग पत्ता आडवा फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच करतो. आणि एवढ्या मंथनानंतर उघडा पडलेला तो मुरगळलेला पत्ता पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही.

या खेळाचा हिशेब मात्र पत्त्यासारखा झाकलेला नाही. बँकरच्या हातावर लावलेल्या दर 100 डॉलरमागे खेळणाऱ्याचे सरासरी 1 डॉलर 6 सेंट जातात, प्लेअरच्या हातावर 1 डॉलर 24 सेंट, आणि दोन्ही हात बरोबरीत सुटतील या पैजेवर 14 डॉलरांहून अधिक. पहिले दोन आकडे पाहून ‘एवढेच ना?’ असे वाटते, आणि तेथेच माणूस फसतो. ताशी 60 डाव आणि प्रत्येक डावाला 500 डॉलर धरले तर तासाभरात 30,000 डॉलरांची उलाढाल होते आणि हळूहळू झिरपत तीनशेहून अधिक डॉलर मक्तेदाराच्या तिजोरीत जमा होतात. कोणी एखादे दिवशी मोठी रक्कम जिंकला तरी या आतबट्ट्याच्या व्यवहाराचे सरासरी गणित बदलत नाही. ते गणित मकावच्या सरकारलाही पक्के ठाऊक आहे. चांद्र नववर्षाचे मोजके दिवस वगळता आपल्या नोकरांना द्यूतगृहात पाऊल टाकण्याची त्याने मनाई केली आहे.

द्यूतगृह पाहिल्यावर त्याचे उत्तरकांड पाहायला विसरू नये. मुख्य रस्त्यावर, आव्हेनिदा आल्मेदा रिबेरोवर, 1917 साली स्थापन झालेल्या तक सेंग ऑन या गहाणवटीच्या पेढीचे जतन करून तिचे संग्रहालय केले आहे. आकाराने लहान, पण आमच्या मते साऱ्या शहरातील सर्वांत बोलके स्थळ. दरवाजातून आत शिरताच समोर एक उंच लाकडी आडपडदा येतो. रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला आत कोण उभे आहे ते दिसू नये आणि अब्रूदाराची अब्रू झाकली राहावी, अशी ती सोय. पडद्यामागे गल्ला मात्र इतका उंच की घड्याळ वा अंगठी देणाऱ्याला हात वर करूनच ती द्यावी लागे, आणि आतला कारकून वरून खाली पाहत तिची किंमत ठरवी. मागे गहाण वस्तूंच्या कोठाराचा भक्कम बुरूज आहे. लज्जा राखावी आणि गरजूला त्याची पायरीही दाखवावी, या दोन्ही गोष्टी एकाच सुताराने साधलेल्या पाहिल्या म्हणजे जुगारावरचे निराळे प्रवचन ऐकावे लागत नाही.

आता सोडावयाच्या गोष्टींकडे वळू. टायपा आणि कोलोआन या दोन बेटांमधल्या समुद्रात भर घालून कोटाई नावाची जी नवी भूमी तयार केली, तिच्यावर 2007 साली ‘व्हेनेशियन’ उभे राहिले. इटलीतील व्हेनिसची एक प्रतिकृती अगोदर लास व्हेगासमध्ये झाली आणि तिच्यावरून ही दुसरी. म्हणजे नकलेची नक्कल. छताखाली कालवे आहेत, त्यांत होड्या आहेत, नावाडी गाणी म्हणतात, आणि वरचे रंगवलेले आकाश सकाळी नवाला पाहा की रात्री अकराला, सायंकाळच्या उंबरठ्यावर तसेच थबकलेले असते. बरोबर लहान मुले असतील, किंवा बाहेर ऊन-पाऊस असह्य असेल, तर घटकाभर येथे हिंडायला हरकत नाही; पण तिकीट काढून त्या होडीत बसणे म्हणजे पदरमोड करून देखावा विकत घेणे होय. शेजारच्या ‘पॅरिसियन’समोर निम्म्या उंचीचा आयफेल मनोरा आहे, तो रस्त्यावरून दिसतो तेवढा पुरे. 338 मीटर उंचीच्या मकाव टॉवरबद्दलही तेच म्हणावे लागेल. 233 मीटरवरून पायाला दोर बांधून उडी घेण्याची ज्याला हौस आणि छाती आहे त्याने तेथे जावे. केवळ देखाव्यासाठी गिया टेकडी पुष्कळ सरस, कारण तेथे 1865 साली उभारलेले, चीनच्या किनाऱ्यावरील पाश्चात्त्य पद्धतीचे पहिले दीपगृह आहे आणि त्याला खेटूनच, भिंतींवर पोर्तुगीज व चिनी शैलींचा मेळ असलेली चित्रे जपणारे छोटे प्रार्थनामंदिर.

कोटाईला सरसकट नाके मुरडणे मात्र अन्यायाचे होईल. विख्यात स्थपती झहा हदीद यांच्या कल्पनेतून साकारलेले, 2018 मध्ये उघडलेले ‘मॉर्फियस’ हे हॉटेल कोणाची नक्कल नाही. पोलादी जाळीने वेढलेल्या त्या इमारतीच्या मधोमध आरपार पोकळ्या सोडल्या आहेत, आणि स्थापत्याची आवड असणाऱ्याने ती बाहेरून तरी पाहावीच. त्याच आवारात 2010 साली सुरू झालेला आणि साथीत बंद पडून 2025 मध्ये पुन्हा चालू झालेला ‘हाउस ऑफ डान्सिंग वॉटर’ हा जलनाट्याचा प्रयोग तिकिटाला महाग असला तरी त्याच्या तोडीचे दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही. ‘विन पॅलेस’समोरचे नाचरे कारंजे रस्त्यावरून फुकट दिसते, आणि फुकटाच्या मानाने फारच चांगले दिसते.

जुन्या शहरातील वास्तू आणि चौक यांना 2005 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी सेंट पॉलचे भग्न चर्च सर्वांच्या यादीत असते, पण ते पाहण्याची रीत बहुतेकांना साधत नाही. दहा वाजल्यानंतर त्या पायऱ्यांवर मुंगीला शिरकाव नसतो. म्हणून सकाळी सातच्या सुमारास जावे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेझुइट पाद्र्यांनी बांधलेले हे चर्च 1835 मध्ये आगीत जळाले आणि दगडी दर्शनी भिंत तेवढी उरली. मायदेशातून परागंदा झालेल्या जपानी ख्रिस्ती कारागिरांचा हात तिला लागलेला आहे. भिंतीचा तिसरा टप्पा निरखून पाहावा : एका बाजूला पोर्तुगीज गलबत, दुसऱ्या बाजूला सात मुखांचा सर्पासुर आणि त्याला पायांखाली तुडवणारी माता, आणि शेजारी चक्क चिनी लिपीत कोरलेला खुलासा की पवित्र माता नागाची मस्तके तुडवीत आहे. जवळच एक हाडांचा सापळा आडवा आहे. मरणाचे स्मरण ठेवणारा पाप करीत नाही, असा उपदेश त्याच्यापाशीही चिनी अक्षरांत आहे. चर्चला अगदी लागून ना-चा या बालदेवतेचे चिमुकले चिनी देऊळ आहे, आणि दोघांचे शेजारपण शंभर वर्षांहून अधिक काळ बिनतक्रार चालले आहे. वरच्या मोंते किल्ल्याच्या तोफांनी 24 जून 1622 रोजी डचांची स्वारी परतवली. आज किल्ल्यात मकावचे संग्रहालय आहे आणि शहराचा वृत्तान्त एकत्र समजून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकासाठी मात्र या जुन्या शहरात आणखी एक वाट आहे, आणि सहलीच्या कार्यक्रमात ती कधीच नसते. 1844 पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अमलाखाली चाले; गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयची सनद येथे शिरोधार्य असे. चिनी दरबारात पुढे नावारूपाला आलेला पाद्री मातेओ रिची चिनी भाषा शिकायला 1582 मध्ये मकावला उतरला तो गोवा आणि कोचीनला शिक्षण घेऊनच. सेंट झेवियर 1552 मध्ये याच सागरातील एका बेटावर वारला. त्याचा देह जुन्या गोव्यात आहे हे आपण जाणतो, पण त्याच्या बाहूचे एक हाड मकावच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये जपलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘बारा’ नावाच्या टेकडीच्या उतारावर टोकदार कमानींचा पिवळसर व्हरांडा असलेली ‘मूरिश बॅरॅक्स’ नावाची इमारत आहे. 1874 साली मकावच्या पोलिसांच्या मदतीला गोव्याहून जी पलटण आणली, तिच्या वसतीसाठी ती बांधली. आज तेथे बंदरखात्याचे दप्तर असल्यामुळे आत जाता येत नाही. व्हरांड्यात उभे राहून आपल्या किनाऱ्यावरच्या शिपायांना या परमुलखातील पहाऱ्यात काय वाटले असेल याचा विचार मात्र करता येतो. गियाच्या उतारावर मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची दफनभूमी आहे आणि लगतच्या रस्त्याला अद्याप पारशांचेच नाव आहे. मृतदेह ठेवण्याचा मनोरा, म्हणजे दख्मा, नसल्याने आपल्या मृतांना त्यांना येथे भूमीच्या स्वाधीन करावे लागले. ज्या मालवी अफूची निर्यात दमणमार्गे मकावला होई, तिच्या उलाढालीत मुंबईच्या अनेक घराण्यांचे वैभव उभे राहिले; तेव्हा जुगाराच्या पैशाने शोभिवंत झालेल्या शहराकडे पाहून मान हलवताना मुंबईकराने आपल्या घरचा जमाखर्चही आठवावा हे बरे.

चिनी मकावसाठी दोन घरे पाहावीत. सेनेट चौकाजवळचा 1889 चा लू काऊ वाडा मराठी माणसाला परका वाटणार नाही : एकामागून एक चौक, वरून उतरणारा उजेड, नक्षीदार पडदे, आणि हे सारे उभे करणारा धनिक जुगाराच्याच मक्त्यातून वर आलेला. दुसरे ‘मँडरिनचे घर’, साठांहून अधिक खोल्यांचे, चिनी समाजसुधारक झेंग ग्वानयिंग यांचे. आपल्या देशाला समृद्धीच्या काळातही धोक्याची सूचना देणारा त्यांचा ग्रंथ विख्यात आहे, आणि या घरातला प्रवेश विनामूल्य आहे. तेथून उतरणीने गेले की समुद्रकाठचे आ-मा देवीचे देऊळ लागते. कोळ्यांची ही देवता पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून येथे नांदते, आणि छताला टांगलेल्या घंटेच्या आकाराच्या उदबत्त्यांचा धूर अंगाला लागल्यावाचून तिचे दर्शन होत नाही.

जेवणाच्या बाबतीत हॉटेलांच्या बुफेकडे पाठ फिरवून मकानीज खानावळ शोधावी. पोर्तुगीज बापांच्या आणि मलाक्का, गोवा, जपान, चीन येथील आयांच्या घरांत शिजलेले हे अन्न. हळद, चिंच, नारळाचे दूध यांना त्यात मज्जाव नाही. कोळंबीच्या खारवलेल्या वाटणाचे ‘बालिशांव’ हे गोव्याच्या बालचांवाचे सख्खे भावंड आहे, हे नाकालाच आधी कळते. खिम्याचे ‘मिंची’ आणि ‘आफ्रिकन चिकन’ हे तेथील नावाजलेले पदार्थ. कोलोआन गावात 1989 साली सुरू झालेल्या लॉर्ड स्टो बेकरीतील अंड्याच्या कस्टर्डची करपट डागांची टार्ट गरम असतानाच खावी. शाकाहाऱ्याने मात्र देवळांलगतच्या बौद्ध खानावळींचा ठावठिकाणा आधीच काढून ठेवावा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने उत्तम. पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा, चांद्र नववर्ष आणि शनिवार-रविवार चुकवावे, कारण 2019 साली या चिमुकल्या शहरात 3 कोटी 94 लाख पाहुणे आले होते आणि त्यांतले बहुतेक शेजारच्या मुख्य भूमीवरचे होते. हाँगकाँगहून येण्यासाठी 2018 मध्ये खुला झालेला 55 किलोमीटरचा सागरी पूल आहे, तशी बोटही आहे. धक्क्यापासून आणि सीमेपासून द्यूतगृहांच्या मोफत बसगाड्या सुटतात. त्यांत बसणाऱ्याने जुगार खेळलाच पाहिजे असे बंधन नाही. हाँगकाँगचे डॉलर सर्वत्र चालतात. हाती आलेले स्थानिक ‘पटाका’ मात्र तेथेच खर्चून टाकावेत, बाहेर ते वटवणे कठीण.

महाराष्ट्राने 1976 साली द्यूतगृहांचा कायदा करून ठेवला, तो कधीच अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. गोव्याने मांडवीवर जहाजे उभी केली आणि 2020 पासून स्थानिकांना त्यांत मज्जाव केला. जुगाराला परवाना द्यावा की नाही या प्रश्नावर ज्याला मत बनवायचे आहे त्याला मकावइतके जुने उदाहरण आशियात दुसरे सापडणार नाही. तेथे जुगाराच्या महसुलातून जुनी घरे सावरली गेली, संग्रहालये उघडली गेली. आणि 1 जानेवारी 2023 पासून दहा वर्षांसाठी दिलेल्या नव्या मक्त्यांत कंपन्यांनी जुगाराबाहेरच्या उद्योगांत भांडवल घालावे, अशी कबुलायत सरकारने लिहून घेतली आहे. एकशे पंच्याहत्तर वर्षे याच पैशावर निर्वेध चाललेला हा कारभार आता त्याच्यावाचून जगण्याची तजवीज शोधतो आहे, हे ध्यानात घेतले तर प्रवाशानेही आपले पैसे आणि पावले कोठे न्यावीत याचा निवाडा फारसा अवघड राहत नाही. दिवस एकच असेल तर सकाळ सेंट पॉल आणि मोंतेला, दुपार गहाणवटीच्या पेढीपासून आ-माच्या देवळापर्यंतच्या पायवाटेला, संध्याकाळ मकानीज ताटाला आणि रात्रीचा अर्धा तास लिस्बोआला द्यावा. व्हेनिस पाहायचे असेल तर पैसे साठवून इटलीला जावे.